पाण्याची पंगत

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी झालेलं भाषण. बोललेलं उतरवून घेऊन थोडं नीट केलं आहे.)



आम्हाला सवय आहे ती अभंग घेऊन उभं राहायची. पण कमिटीनं सांगितलं, बुवा, आज अभंग लावू नका, आज पाण्यावर बोला. ठिबक कसं वापरायचं, कमी पाण्यात शेती कशी करायची ते आपल्या भाषेत सांगा. आमचं शिक्षण चौथी. कृषी विद्यापीठातले साहेब बोलतात तसं आम्हाला बोलता येणार नाही. पण वयाच्या बाराव्या वर्षापासून दारं धरली आहेत, आणि गेली पंधरा वर्षं ठिबकावर शेती करतोय. जेवढं हाताखालून गेलं तेवढंच सांगतो. टाळ-मृदंग बाजूला ठेवलाय, तेव्हा झोप आली तर आमचा दोष धरू नका.

आपली दिंडी निघाली तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा होता. धाराशिवकडून निघालेला वारकरी बार्शीच्या हद्दीत शिरला की इंग्रजांच्या राज्यात जायचा. राज्यं दोन, पण तहान एकच. जुनी माणसं सांगायची, वाटेत पाण्याची चिंता कुणी केली नाही. गावोगावी आड होता, देवळाजवळ बारव होती. ओढा आटलेला दिसला तर वाळूत हातानं झिरा उकरायचा, घटकाभर थांबायचं, की वाटीभर नितळ पाणी मिळायचं. आज आपल्या दिंडीबरोबर सामानाच्या ट्रकच्या मागं टँकर चालतो. टँकर मागं राहिला तर मुक्कामाला चूल पेटत नाही. शंभर वर्षांत काय बदललं, हे समजायला तेवढी एक गोष्ट पुरे.

आता जरा दोन दुष्काळांची तुलना करू. एक १९७२ चा. तेव्हा आम्ही लहान होतो. मोठी माणसं खडी फोडायला, नाला-बंडिंगच्या कामाला जायची. पोरांना सुकडी मिळायची. खायला लाल मिलो यायची. ज्वारी पैसे देऊनही मिळत नव्हती. पण मायबाप, आठवून बघा, त्या साली पिण्याचं पाणी बहुतेक गावांच्या आडात होतं. लांबून आणावं लागलं, खोल गेलं, पण होतं. दुसरा दुष्काळ २०१२ पासून पुढचा, आणि त्यातलं २०१५-१६ साल. त्या साली रेशनला धान्य होतं, दुकानात सगळं होतं, आणि प्यायला पाणी नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. ती गाडी कुठल्या वाटेनं आली? मिरजेहून निघाली, पंढरपुरावरून, कुर्डुवाडी, बार्शी, आपल्या धाराशिववरून लातूरला गेली. आपण ज्या वाटेनं देवाकडं जातो, त्याच वाटेनं पाणी उलटं आपल्याकडं आलं.

बहात्तरला धान्याचा दुष्काळ आणि सोळाला पाण्याचा, असं का झालं? पाऊस दोन्ही वेळा कमीच होता. मधल्या काळात काय झालं तर मोट गेली, इंजिन आलं, विजेची मोटार आली, मग बोअरचं मशीन आलं. मोटेला बैल थकत होता. बैल थकला की उपसा थांबायचा, आणि रात्रीतून विहिरीला पाझर यायचा. मोटार थकत नाही. त्यात ऑटो स्टार्टर लावला की माणूस घरी झोपतो आणि लाईट येईल तेव्हा मोटार आपोआप सुरू होते.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. हा दगड वाळूसारखा पाणी धरत नाही. वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत जे थोडंफार साठतं तेवढंच आपलं. विहीर ५०-६० फुटांची असते, ती त्या वरच्या थरावर चालते, आणि चांगला पाऊस झाला की एका पावसाळ्यात भरून येते. पाचशे, सातशे फुटांवर बोअरला जे लागतं ते फार वर्षांपूर्वी मुरलेलं असतं. ते एकदा उपसलं की एका पावसाळ्यात परत येत नाही.

आपण कीर्तनात नामदेवरायांची कथा सांगतो. ज्ञानोबा माउली आणि नामदेवराय मारवाडात गेले, तहान लागली, विहीर फार खोल. ज्ञानोबा माउली योगबळानं खाली उतरून पाणी पिऊन आले. नामदेवरायांनी देवाला हाक मारली आणि विहीरच काठोकाठ भरून वर आली. कथा ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण घरी गेल्यावर काय करतो? हाक तर मारत नाही, बोअरवाल्याला फोन लावतो. मग पाणी वर येत नाही, माणूसच कर्जात खाली जातो.

आता पावसाचं बघा. आपल्या जिल्ह्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या पुढं-मागं पाऊस पडतो. तेवढ्यात पूर्वी मूग-उडीद निघायचे, तूर निघायची, शाळू निघायचा. आता सरासरी कागदावर तीच दिसते, पण पडायची तऱ्हा बदलली. २०२३ चा ऑगस्ट बघा. देशात १९०१ पासून एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीन फुलात असताना पाऊस गेला. उलट २०२० च्या ऑक्टोबरात सोयाबीनच्या गंजी पाण्यात तरंगल्या. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात नद्यांना असा पूर आला की माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. म्हणजे वीस-पंचवीस दिवस एक थेंब नाही, आणि मग महिन्याचा पाऊस दोन रात्रींत. शास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीची हवा तापली, तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि एकदम ओतते. शिकलेली माणसं त्याला हवामान बदल म्हणतात. आमची आजी म्हणायची, नक्षत्रं खोटं बोलायला लागली. दोघांचं म्हणणं एकच.

अशा पावसात लहान शेतकऱ्यानं काय करायचं? पहिली गोष्ट, पडलेलं पाणी शेतातच मुरवायचं. सोयाबीन सपाट पेरू नका, रुंद वरंबा-सरीवर पेरा. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर सरीतला ओलावा पिकाला मिळतो. ते यंत्र मिळालं नाही तर चार-सहा ओळींनंतर एक सरी रिकामी सोडा. उताराला आडवी पेरणी करा. उसाचं पाचट पेटवू नका. पाचट म्हणजे जमिनीच्या अंगावरचं पांघरूण आहे, थंडीत पोराच्या अंगावरचं पांघरूण आपण जाळतो का? ही कामं पैशाची नाहीत, सवयीची आहेत.

दुसरी गोष्ट ठिबक. एवढं ध्यानात ठेवा की तहान मुळाला लागते, जमिनीला लागत नाही. पाटानं पाणी सोडलं तर शंभर लिटरमधलं निम्मं मुळाशी पोचतं. बाकीचं पाटात मुरतं, उन्हानं उडतं, तणाला जातं. ठिबकानं शंभरातलं पंच्याऐंशी-नव्वद मुळाशी पोचतं. खत नळीतून देता येतं, तण कमी येतं, आणि रात्री इचू-काट्यात दारं धरायला जावं लागत नाही. ज्या माउलीचा मालक रात्री बाराला कंदील घेऊन रानात जायचा तिला विचारा ठिबकाची किंमत.

पण नळ्या अंथरल्या म्हणजे ठिबक झालं असं नाही. नळ्या घेताना आयएसआयचा शिक्का बघून घ्या. आम्ही एकदा एका दुकानातून शिक्का दाखवून घेतलेल्या नळ्या दुसऱ्या उन्हाळ्यात चिरल्या. बिल जपून ठेवलं होतं म्हणून बदलून मिळाल्या. तेव्हा बिल विष्णुसहस्रनामाच्या पोथीत ठेवा, पण ठेवा. मग तपासणी करायची. ड्रीपर चार लिटरचा असेल तर तो तासाला चार लिटर पाणी देतो. म्हणजे पंधरा मिनिटांत एक लिटर. घरातलं लिटरचं माप घ्या. मोटारीजवळच्या पहिल्या झाडाखाली पंधरा मिनिटं ठेवा, मग शेवटच्या झाडाखाली पंधरा मिनिटं ठेवा. पहिल्याला लिटर आणि शेवटच्याला पाव लिटर भरलं, तर समजा तुमच्या रानात पहिला जेवतोय आणि शेवटचा उपाशी आहे. मग फिल्टर उघडून धुवा, आठवड्यातून एकदा नळीच्या टोकाचं बूच काढून गाळ वाहू द्या. ड्रीपरला पांढरे क्षार बसले असतील तर कृषी सहायकाला विचारून ॲसिडचं पाणी सोडा, अंदाजानं सोडू नका. खारी आणि उंदीर नळी कुरतडतात ते तहानेनं. बांधावर एका पसरट भांड्यात पाणी ठेवलं तर कुरतडणं कमी होतं, आणि मुक्या जिवाला पाणी दिल्याचं पुण्यही लागतं. नाथमहाराजांनी रामेश्वराच्या वाटेवर कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, आपण खारीला पाजू.

पैशाचं म्हणाल तर पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला ठिबक-तुषारला सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या ८० टक्के आणि त्यावरच्याला ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही आपल्या जिल्ह्यातली गावं होती. आपल्याला मोबाइल कळत नसला तर घरातल्या नातवाला बसवा.

आणि ज्याला तेवढंही झेपत नाही, दोन आंब्याची, चार लिंबाची झाडं बांधावर लावायची आहेत, त्यानं मडकं वापरावं. कच्च्या भाजणीचं, रंग न दिलेलं मडकं झाडापासून हातभर लांब गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकण ठेवायचं. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढत नाही. झाड मागेल तेवढंच पाणी जातं. ही जगातली फार जुनी रीत आहे, चीन देशात दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे म्हणतात. आपल्या जिल्ह्यात तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. हे काकांनी शोधलं असं आम्ही म्हणणार नाही, संतांच्या नावावर खोटं घालू नये. पण कुंभाराच्या मडक्यात केवढा गुण आहे, हे गोरोबाकाकांच्या जिल्ह्यातल्या माणसाला तरी माहीत असायला पाहिजे.

इथपर्यंत सांगितलं ते तुम्हाला कंपनीचा माणूसही सांगेल. यापुढचं तो सांगणार नाही, म्हणून नीट ऐका.

ठिबकानं पाणी वाचतं हे खरं. पण वाचलेलं पाणी जातं कुठं? आमच्या शिवारातलं सांगतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका कुटुंबानं दोन एकर ऊस ठिबकावर घेतला. चांगलं केलं. पाणी उरलं. उरलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला. दोनाचे चार झाले, उपसा होता तेवढाच राहिला. पूर्वी पाटाचं जे पाणी वाया जातंय असं आपण म्हणत होतो, त्यातलं थोडं झिरपून खालच्या विहिरीला यायचं. ठिबक आल्यावर ते झिरपणंही थांबलं. खालच्या अंगाला एका विधवा बाईची विहीर आहे. ती पूर्वी होळीपर्यंत चालायची, ती संक्रांतीला आटायला लागली. वरच्या माणसानं चोरी केली का? नाही. सरकारनं सांगितलं तेच केलं. तरी खालच्या बाईच्या गव्हाला शेवटचं पाणी मिळालं नाही.

आता जरा हिशेब मांडू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. उसाला पाटानं वर्षाला साधारण २००० मिलिमीटर लागतं. त्यातलं सहाशे पावसातून मिळालं असं धरू. चौदाशे राहिलं, ते विहिरीतून द्यायचं. चौदाशे गुणिले चार हजार म्हणजे ५६ लाख लिटर. लातूरला जी पाण्याची मोठी गाडी यायची, ५० वाघिणींची, तिच्यात साधारण २५ लाख लिटर पाणी असायचं. म्हणजे एक एकर ऊस पाटावर जगवायला तशा दोन गाड्या भरूनही कमी पडतात. ठिबकावर घेतला तर निम्म्याच्या आसपास, ३० लाख धरा. आता हरभरा घ्या. हरभऱ्याला तुषारनं दोन पाणी दिली, एकेक पाणी ५० मिलिमीटरचं, तर एकराला चार लाख लिटर. म्हणजे एक एकर ठिबकावरच्या उसाच्या पाण्यात सात एकर हरभरा भिजतो. सात एकर म्हणजे आपल्याकडं तीन-चार घरं.

आम्ही उसाला नावं ठेवायला उभे नाही. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. सोयाबीन, हरभरा विकायला गेलं की व्यापारी ओलावा बघतो, हमीभावाचं केंद्र उघडेपर्यंत घरात पैसा लागलेला असतो. लेकीचं लग्न काढलेल्या माणसाला तुम्ही ऊस लावू नको म्हणाल तर तो काय म्हणेल? त्याचं बरोबर आहे. हरभऱ्याला भाव मिळाला तर निम्मा ऊस आपोआप कमी होईल, हे सरकारात बसलेल्यांनी ऐकावं. पण भावासाठी भांडणं एका बाजूला, आणि गावची विहीर दुसऱ्या बाजूला. भाव पुढच्या वर्षी मिळेल, आटलेलं पाणी मिळणार नाही.

मग उपाय काय? तो आपल्या दिंडीतच आहे. निघायच्या आधी आपला भंडारी काय करतो? माणसं किती, दिवस किती, पीठ किती, डाळ किती, हे मोजतो. आधी मोजतो, मग शिजवतो. पंगत बसली की वाढपी एका टोकापासून निघतो, आणि त्याची नजर असते शेवटच्या माणसावर. भात कमी दिसला तर पहिल्यालाच थोडा कमी वाढतो. पन्नास एकरवाल्याला जास्त पोळ्या आणि भूमिहीनाला कमी, असं शंभर वर्षांत आपल्या दिंडीत झालं का? झालं नाही. पंगतीत जमीन मोजत नाहीत, तोंडं मोजतात.

हीच गोष्ट एका माणसानं पाण्यात करून दाखवली. विलासराव साळुंखे त्यांचं नाव. इंजिनिअर माणूस, पुण्याचा कारखानदार. बहात्तरचा दुष्काळ बघून त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची उजाड जमीन करारानं घेतली आणि तिथं पाणी अडवून, मुरवून दाखवलं. सासवडला माउलींची पालखी मुक्कामाला असते, सोपानकाकांची समाधी आहे, त्याच तालुक्यातली ही गोष्ट. त्यातून पुढं पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम काय होता? पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांनी शेतीत पंगत बसवली, एवढंच आम्ही म्हणू.

दुसरं गाव नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव ओस पडायला आलं होतं. त्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं, ते तर अनेकांनी केलं. पण त्यांनी पुढची गोष्ट केली. पावसाळा संपला की गावात बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस किती झाला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलं त्यात कोणतं पीक किती घ्यायचं. पाऊस कमी झाला त्या वर्षी जास्त पाण्याचं पीक नाही. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. मोजून खाणारं घर जसं कर्जात जात नाही, तसं ते गाव टँकरवर गेलं नाही.

कुणी म्हणेल, विहीर माझ्या रानात, पैसे मी घातले, पाणी माझं. बाबांनो, विहिरीचा खड्डा तुमचा आहे. पाणी खालच्या दगडातून येतं, आणि दगडाला सातबारा नाही. कायद्यानंही सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. पण कायदा सांगायला तलाठी लागतो. आपण माळकरी, आपल्याला एकादशी पाळायला कधी पोलीस लागला का?

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं आम्ही आपल्या दिंडीतल्या गावांपुढं काही गोष्टी ठेवतो. पटल्या तर घ्या.

एक. आषाढी ते कार्तिकी हे चार महिने आपला चातुर्मास, आणि हेच चार महिने पावसाचे. आपल्या वाडवडिलांनी पंचांग असं बसवलं आहे की आषाढीला पाण्याची वही उघडावी आणि कार्तिकीला हिशेब करावा. तेव्हा कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी दोरीला दगड बांधून गावातल्या विहिरींचं पाणी मोजायचं, आणि एकादशीला कीर्तनाच्या आधी देवळात वाचून दाखवायचं. कुणाच्या विहिरीत किती परस पाणी आहे, सगळ्यांना कळू द्या. झाकलेल्या हिशेबात भांडण असतं, उघड्यात नसतं.

दोन. माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला. नैवेद्य काढल्याशिवाय आपण पंगत वाढत नाही, तसं.

तीन. ठिबकाशिवाय ऊस नको, आणि ठिबक आलं म्हणून उसाचं रान वाढवणं नको. वाचलेलं पाणी विहिरीत राहू द्या. तुमच्या विहिरीत राहिलं तर खालच्या विहिरीला पाझर राहील.

चार. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरा. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन मीटर खोल तळ्यात वीस लाख लिटरच्या वर पाणी मावतं, आणि दोन-तीन एकराला खंडाच्या काळात ते जीव देतं. पण विहीर आणि बोअर उपसून कागद घातलेलं तळं भरणं म्हणजे सगळ्यांच्या हंड्यातलं पाणी आपल्या हंड्यात ओतून उन्हात ठेवणं. निम्मं तुमचं, आणि बाकीचं सूर्यनारायणाचं.

पाच. ज्याची विहीर मधेच आटली त्याच्या उभ्या पिकाला शेजाऱ्यानं एक पाणी द्यायचं. पैसे नको, उपकार नको. पुढच्या वर्षी तो देईल.

हे पाचही नियम एकट्यानं पाळून चालत नाहीत. एकट्यानं पाळला तर तो येडा ठरतो, आणि त्याचं वाचलेलं पाणी शेजारचा उपसतो. सगळ्यांनी पाळला तरच उपयोग. पण सगळ्यांनी मिळून पावलं टाकायची सवय दिंडीइतकी कुणाला आहे? आपल्याकडं ओळीतला एक जण मागं राहिला तर चोपदार दिंडी थांबवतो. दिंडी शंभर वर्षं टिकली ती कुणी वेगानं पुढं पळाला म्हणून टिकली नाही. मागच्यासाठी पुढचा थांबला म्हणून टिकली.

सावतोबा अरणच्या मळ्यात राबले, आणि देव त्यांच्या भेटीला अरणला आला अशी आपली श्रद्धा आहे. आजही पंढरीहून पालखी तिथं जाते. शेतात केलेलं नीट काम देवाला पोचतं, याला आणखी पुरावा कशाला पाहिजे? दुसऱ्याची विहीर जिवंत राहावी म्हणून आपण मोटारीचं बटण दोन तास आधी बंद केलं, तर ते बंद करणंही नामस्मरणात धरलं जाईल असं आम्ही मानतो.

कमिटीला आमची विनंती आहे. येत्या कार्तिकीला ज्या गावांनी विहिरी मोजल्या त्यांची नावं आणि मापं एका वहीत लिहावीत, आणि ती वही दिंडीच्या कपाटात हिशेबाच्या वह्यांशेजारी ठेवावी. पहिल्या वर्षी दोनच गावं झाली तरी चालतील. शंभर वर्षांपूर्वी दिंडीत तरी किती माणसं होती?

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आता माउल्यांनी चहा ठेवलाय, तोही कपात मापूनच घ्या, मागच्या मंडपातली मंडळी अजून आलेली नाहीत.

राम कृष्ण हरी.